रंगून राहील, म्हणालात

सर,

तो रेडिओ मला काय भावात पडला, ते आज एकदा नीट मांडतो. दुकानदाराला दिलेले पैसे धरत नाही. ते गेले आणि विसरलो. पण त्यासाठी दुभती म्हैस विकली आणि वर्षभर घरातल्या पोरांनी कोरा चहा प्यायला. एरियलला उंच वासा हवा म्हणून गोठ्याचा मधला वासा उपसला, तर पुढच्या वावटळीत गोठा बसला. आईनं तीन महिने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकायच्या आधी एवढंच म्हणाली, "म्हस इकून पेटी आणलीस. पेटी काय दूद देती व्हय रं?" आणि हे सगळं कशासाठी, तर महिन्यातून एकदा, पंधरा मिनिटं, मुंबईहून तुमचा आवाज ऐकायला. त्या पेटीपायी पुढं जे गेलं ते धरायला बसलो तर मांडणी कुठंच थांबत नाही. म्हणून म्हशीपाशीच थांबतो.

तुम्ही कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचात, पण बाजाराला तुम्ही ठाऊक होतात ते रेडिओमुळं. कापसाला अमेरिकेत काय झालं, जपाननं साखर का अडवली, लढाईत कुठल्या बंदराला महत्त्व आलं, हे तुम्ही अशा मराठीत सांगायचात की आमचे हमालसुद्धा पोतं खांद्यावर तसंच ठेवून दारात उभे राहायचे. कुणीतरी म्हणायचं, "मास्तर लंडनला जाऊन आलं काय रं?" दुसरा म्हणायचा, "न्हाई गड्या, लंडनच त्येंच्याकडं येतंय." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा, कारण अख्ख्या बाजारात तुम्ही फक्त माझ्या दुकानाची पायरी चढायचात.

पहिल्यांदा आलात तो दिवस आठवतो का? तेव्हा मी अडत्या नव्हतो, नुसता तोलणारा. तुम्ही धोतराचा सोगा हातात धरून हळदीच्या ढिगांमधून जपून चालत होतात आणि ज्याला त्याला विचारत होतात, भाव ठरतो कसा? कुणी सांगेना. आमच्याकडं सौदा रुमालाखाली होतो. अडत्या आणि घेणारा एकमेकांचा हात धरतात, वर रुमाल टाकतात, भाव बोटांनी सांगतात. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गप्पा चालू. परक्याला ही बोटं कुणी शिकवत नाही. मी तुमचा हात धरला आणि रुमाल टाकला. तुम्ही घाईनं माझा पंजाच्या पंजा आवळलात. मी ओरडून सांगितलं, "सरांनी आक्खी सांगली घेतली!" सगळा बाजार हसला, तुम्हीही हसलात, आणि मग त्याच ढिगावर बसून दोन तास बोटं शिकलात. जाताना म्हणालात, "जगातले मोठे सौदे असेच होतात बघ. फक्त रुमाल मोठा असतो." पुढच्या महिन्यात हेच वाक्य रेडिओवर आलं. मी उठून उभा राहिलो होतो.

मी मूळचा कवठे महांकाळकडचा. मेंढरांमागं वाढलो. पाठमोरा बसलो असलो तरी कळपातली कुठली घंटा वाजायची थांबली ते मला कळायचं, आणि नाही कळलं तर बापाची काठी कळायची. तोच कान घेऊन बाजारात आलो. हळकुंड मोडताना खणखणीत वाजलं तर वाळलेलं, आवाज बसका आला तर आत ओल. लोक म्हणायचे, याच्याशी हळद खोटं बोलत नाही. माणसाचंही तसंच. हमालाचा तोलणारा, तोलणाऱ्याचा अडत्या झालो तो शाळेच्या जोरावर नाही, कानाच्या जोरावर. आणि एक रीत मी आयुष्यभर पाळली, आजही ती छाती ठोकून सांगतो: आधी सगळ्यांचं ऐकायचं, मग बोट दाबायचं. ऐकून घेतल्याशिवाय मी कधी कसला निर्णय केला नाही.

तुम्ही मला एक नकाशा दिला होतात, कापडावर चिकटवलेला. त्यावर सांगलीपासून मुंबई, मुंबईपासून बोटीनं रंगून अशी लाल पेन्सिलीची रेघ तुम्हीच ओढलीत. आपली हळद कुठं जाते ते माणसाला माहीत असावं, म्हणालात. त्या रेघेनं आमच्या धाकट्या भावाला वेड लावलं. तो माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, लिहायला-वाचायला माझ्याहून चांगला, आणि बोलायला असा की घेणाऱ्यानं नाही म्हटल्यावरही चहा पाजूनच सोडायचा. रंगूनला एका व्यापाऱ्याच्या गोदामात त्याला जागा मिळाली. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. बायको इथंच आमच्याजवळ राहिली, बस्तान बसलं की नेतो म्हणाला. मी बाजारभर सांगत फिरलो की दोन वर्षांत रंगूनला आमची स्वतःची गादी असेल. तुम्हाला तर मी ती गादी कुठल्या रस्त्यावर असेल तेसुद्धा सांगितलं होतं. रंगून तुम्ही पाहिलेलं नव्हतं आणि मीही नाही.

मग जपान लढाईत उतरला आणि धाकट्याचं पत्र आलं. चार ओळी. "दादा, इथली माणसं बोटीची तिकिटं काढायला लागलीत. मलाही एक मिळतंय. येऊ का थांबू? तू सांगशील तसं." ते पत्र घेऊन मी तुमच्याकडं आलो.

गुरुवार होता. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसला होतात, पुढ्यात रेडिओच्या भाषणाचे कागद, दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मुंबईला निघायचं होतं. काकू थालीपीठ लावत होत्या. मी दाराशी उभा राहिलो तर काकू म्हणाल्या, "आत या हो, इथं कुणी सोवळ्यात नाही." तुम्ही पत्र दोनदा वाचलंत. मग आपले कागद उचललेत आणि मला वाचून दाखवलंत. ब्रह्मदेशाचा तांदूळ किती देशांच्या ताटात जातो, तेल कुठून निघतं, इंग्रजाचा किती पैसा तिथं अडकलाय. शेवटी वाक्य होतं, "एवढा व्यापार कुणी रस्त्यावर टाकून जात नाही. रंगून राहील." वाचताना तुमचा आवाज 'राहील'पाशी बसका झाला. मी ऐकला.

"म्हणजे थांबू दे म्हणताय?" मी विचारलं.

"थांबावं, असं माझं गणित म्हणतं."

काकूंनी तव्यावरचं झाकण काढलं. तुमच्याकडं न बघता म्हणाल्या, "गणिताला भाऊ असतो का हो?"

तुम्ही हातातले कागद पालथे घातलेत. मग चष्मा काढलात आणि म्हणालात, "हे बघ, हे मी रेडिओसाठी लिहिलंय. पण तू मला तुझ्या भावाबद्दल विचारशील, तर…"

मी उठलो. "येतो सर, बाजारात गाडी उतरायचीय." काकू थालीपीठ घेऊन उभ्या होत्या, तेही घेतलं नाही. त्या दिवशी बाजारात कसलीच गाडी उतरायची नव्हती.

शनिवारी अख्ख्या बाजारानं तुम्हाला ऐकलं. रंगून राहील. धाकट्याची बायको आतल्या दाराआड उभी होती. तिनं पदर तोंडाशी धरला आणि हसली. नंतर थोड्याच दिवसांत त्याच पेटीनं रंगूनवर बाँब पडल्याचं सांगितलं. पत्रं थांबली. मी रोज पोस्टाच्या पायरीवर जायचो, तुम्हीही यायचात, आणि पोस्टमन आपल्या दोघांना लांबूनच हात हलवून नाही म्हणायचा.

उन्हाळ्यात कुंडलचा एक माणूस माझ्या दारात आला. रंगूनला धाकट्याच्या शेजारी राहायचा. पाय पोत्याच्या फडक्यात बांधलेले, अंगावर मांस नव्हतं. पाणी प्याला आणि म्हणाला, "तुमचा धाकटा माझ्यासंगंच निघाला हुता. तिकीट हातात हुतं त्येच्या. पर तुमचं पत्र आलं, थांब म्हून. तवा त्यानं ते एका लेकुरवाळीला दिऊन टाकलं. पुढं बोटीच न्हाईत. मग आमी चालत निघालो. डोंगरात त्याला ताप भरला. म्हनला, तुमी व्हा फुडं, मी वाईच झाडाखाली बसतो." बसला तिथं झाड कसलं होतं, तेही त्याला सांगता येईना. मी ते तीनदा विचारलं. झाडाचं कळून मी काय करणार होतो, कोण जाणे.

त्याच आठवड्यात वाचनालयात तुमचं व्याख्यान होतं, 'युद्ध आणि जगाचा व्यापार'. खुर्च्या भरलेल्या. तुम्ही बोलायला सुरुवात केलीत आणि मी मागून उभा राहिलो. "सर, आदी रंगूनचं सांगा," मी ओरडलो. "रंगून राहील म्हनलासा. तुमचं ऐकून मी भावाला थांब म्हून लिवलं. कुटं हाय माजा भाऊ?" लोकांनी मला खाली ओढायचा प्रयत्न केला. एक वकील म्हणाले, "अहो, विद्वान माणूस अंदाज सांगतो, हमी देत नाही!" तुम्ही त्यांना हातानं थांबवलंत. टेबलाची कड धरलीत. म्हणालात, "यांचं खरं आहे. माझी चूक झाली." आणि खाली उतरलात. छत्री तिथंच राहिली.

त्यानंतर तुम्ही रेडिओवर गेला नाहीत. वर्तमानपत्रवाले येऊन गेले, त्यांनाही नाही म्हणालात. कॉलेजात शिकवायचात तेवढंच, तेही मुलं सांगायची, पुस्तकातलं वाचून दाखवतात. बाजारात पुन्हा आला नाहीत. लढाई संपायच्या आधीच विषमज्वरानं गेलात. मी तिरडीमागं चाललो, लोकांनी मला वाट दिली. बघा, मनाचा केवढा मोठा माणूस, असं कुणीतरी पुटपुटलेलं मी ऐकलं. तेराव्याला काकू भेटल्या. त्यांच्या तोंडून एक कडू शब्द नाही. म्हणाल्या, "शेवटी भ्रमात होते, तरी विचारायचे, त्याच्या धाकट्याचं काही कळलं का हो?"

काही कळलं नाही, सर. अजून नाही. धाकट्याची बायको आमच्याच घरात म्हातारी होते आहे. बारा वर्षं झाली तेव्हा गुरुजी म्हणाले, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा, म्हणजे गेलेल्याला वाट मिळते. ती चुलीपुढून उठून आली. "पानांचा मानूस जाळू नगासा," म्हणाली. "माजा मानूस चालत येतोय." आम्ही नाही जाळला. कुंकू लावते, आणि लावताना रोज तुम्हाला शिव्या घालते. त्या मास्तरानं घात केला, म्हणते. सुना ते ऐकतात, नातवंडं ऐकतात. या घरात तुमचं नाव असंच घेतलं जातं, आणि मी तिथंच भाकरी मोडत बसलेला असतो.

आज सकाळी दुकानात कुणी नवे प्राध्यापक रेडिओवर अरबांच्या तेलाबद्दल बोलत होते. आवाज तुमच्यासारखा स्वच्छ, सगळं ठाम. आमचा दिवाणजी म्हणाला, "मालक, खरं आसंल का हो ह्ये?" मी रेडिओ बंद केला. आतल्या खोलीत आलो आणि हे लिहायला बसलो. पत्ता कुठला घालणार? काकूही गेल्या. धाकट्याच्या बायकोला वाचून दाखवावं म्हणून दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. ती बाहेर तांदूळ निवडते आहे, तिचा खडा ताटात पडलेला मला इथं ऐकू येतो. हा कागद नकाशाच्या घडीत ठेवून देईन.

वाचनालयात तुम्ही कबूल केलेली चूक तुमची नव्हती, हे मला तेव्हाही माहीत होतं. मला रंगूनची गादी हवी होती. तुमच्याकडं आलो तो गुरुवार होता. धाकट्याला 'थांब' म्हणून लिहिलेलं पत्र मी मंगळवारीच पोस्टात टाकलं होतं.