दोनशे बारावा दोष

आतबाशी, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा
(घाटाचा रस्ता परवापासून बंद)

आदरणीय ओरमोनदादा,

धाकट्या मावसभावाचा, म्हणजे तुरारचा, दोन्ही हातांनी सलाम घे. तू बरा आहेस ना? वहिनींचा खोकला गेला का? मुलं अजून आपली भाषा बोलतात की तिकडे नोवोसिबिर्स्कला राहून पूर्ण रशियन झाली? इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत, आणि यंदाच्या थंडीत एवढं कळवता आलं तरी पुष्कळ. मावशीची, म्हणजे तुझ्या आईची, तब्येत उत्तम आहे. तिच्या दोन्ही गायी गाभण आहेत, मी स्वतः तपासल्या. लाल गायीने लाथ घातली ती माझ्या डाव्या मांडीवर, त्यामुळे हे पत्र उभ्याने लिहितो आहे. फोनवर बोललो असतो, पण फोनवर मी काही गंभीर सांगायला लागलो की तू हसतोस आणि मग मीही हसतो आणि विषय राहून जातो. या विषयात हसण्यासारखं काही नाही.

आधी आभार. तू डिसेंबरात पाठवलेला नवा खेळ मिळाला. अकरा वर्षांपूर्वी कॉलेजात असताना तू ‘आतबाशीचे स्वार’ बनवलास आणि त्याची तबकडी माझ्या लग्नात भेट म्हणून दिलीस (लोकांनी गालिचे दिले होते, ते अजून टिकले आहेत), तेव्हापासून मी तुला त्यातल्या चुका कळवत आलो. दोन स्वारांनी बकऱ्याचं धड हिसकावून गोलात टाकायचं, एवढा साधा खेळ, जो आपल्याकडे कुठलाही बारा वर्षांचा पोर खऱ्या घोड्यावर खेळतो, आणि तुला तो पडद्यावर जमला नाही. मी पडलो जनावरांचा डॉक्टर. घोड्याचे पुढचे गुडघे उलटे वाकताना बघून माझा हात आपोआप औषधांच्या पिशवीकडे जायचा. प्रेक्षकांत चाळीस माणसं आणि चाळिसांना एकच चेहरा, बायकांनासुद्धा त्याच मिशा. शिटी वाजली की पंच घोडा उधळत डावीकडे जायचा तो परत यायचाच नाही. तिसरा गोल झाला की गुण एकदम दोनावरून अकरावर. धड मध्येच नाहीसं व्हायचं आणि डोंगराच्या शेंड्यावर सापडायचं. आणि धावता धावता घोडा अचानक कानापर्यंत जमिनीत जायचा, थोडा वेळ नुसते कान पळताना दिसायचे, मग तो दुसरीकडून वर यायचा, जसं काही झालंच नाही.

नव्या खेळात यातलं काहीही नाही. सगळं दुरुस्त आहे. गुडघे बरोबर आहेत, प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःचा चेहरा आहे, पंच जागेवर आहे. इतक्या मोठ्या कंपनीत नोकरी करून, रात्रीचा दिवस करून तू आमच्यासाठी हे केलंस, याबद्दल आम्ही सर्व तुझे ऋणी आहोत, आणि दादा, आमच्या घराची पार वाट लागली आहे.

आता सविस्तर सांगतो, कारण तू गाव सोडून गेलास आणि मधलं तुला माहीत नाही. माझ्या सासूबाई, केंजेगुलआई, दातांच्या दुखण्यासाठी आठवडाभर म्हणून आमच्याकडे आल्या त्याला अकरा हिवाळे झाले (दात केव्हाच काढले). माझी बेगिमाय त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा बोलायची सोय नाही. त्यांचे धाकटे दीर म्हणजे आपले सागिनकाका, हवामान केंद्रावरचे. तीस वर्षं रोज तीन वेळा थंडी मोजून वहीत लिहिली, आणि निवृत्त झाल्यावर लिहायला काही उरलं नाही म्हणून माझ्या दवाखान्यात येऊन तुझ्या खेळातले दोष वहीत लिहायला लागले. त्यांच्याइतका आनंद त्या खेळाने कोणालाच दिला नसेल. नवा दोष सापडला की चष्मा पुसायचे, तारीख घालायचे, बाहेरचं तापमानही लिहायचे आणि मग तोच दोष पुन्हा घडतो का हे बघायला दुपारभर बसायचे.

पण दीर आणि वहिनी एकमेकांशी बोलत नव्हते. सासरे गेले त्याच शरद ऋतूत काकांनी त्यांचा तांबडा घोडा, तोरू, कोणाला न विचारता विकून टाकला. झालं. तेव्हापासून एक शब्द नाही. काका पुढच्या खोलीत दवाखान्यात बसायचे, सासूबाई मागच्या खोलीत, आणि मध्ये दार आणि मी. “त्या थर्मामीटरला विचार, चहा घेणार का,” असं त्या दाराआडून मला म्हणायच्या, काका माझ्याकडे बघून “घेईन” म्हणायचे, आणि तो “घेईन” मी चार पावलं आत नेऊन पोचवायचा. आठ वर्षं मी हे केलं. माझं वजन कमी झालं.

तीन हिवाळ्यांपूर्वी काय झालं, की मी आणि काका खेळत असताना जुमाबायच्या गायीचं वासरू अडल्याचा निरोप आला आणि मी पिशवी उचलून पळालो. (वासरू वाचलं. आता चांगला बैल झालाय आणि मला बघितलं की तोंड फिरवतो.) सासूबाई चहा घेऊन आल्या, तर माझ्या बाजूचा घोडा मैदानात एकटाच उभा. बिनस्वाराचा घोडा उभा ठेवायचा नाही असं त्यांच्या माहेरचं वळण. त्या खुर्चीवर बसल्या आणि बटणं दाबायला लागल्या. आणि दोनच मिनिटांत तुझ्या खेळातली ती सगळ्यात वाईट खोड उपटली. दोन घोडे धडकले आणि एकमेकांना चिकटले. तुला आठवत असेलच, एकदा चिकटले की दोन्ही स्वारांनी अगदी एकाच क्षणी आपापलं बटण दाबेपर्यंत सुटत नाहीत. एका श्वासाचाही फरक पडला की पुन्हा चिकटले.

मी तीन तासांनी परत आलो तेव्हा घोडे अजून चिकटलेलेच होते. पुढचं मी दारात उभा राहून, हात न धुता, ऐकलं. दोघंही पडद्याकडे बघत होते. कोणी आकडे मोजल्याशिवाय बटणं एकदम दाबली जाणं शक्य नव्हतं, आणि मोजायचं म्हणजे बोलायचं, म्हणून निम्मा वेळ नुसता गप्प बसण्यात गेला असणार. शेवटी सासूबाईंनी मोजायला सुरुवात केली. दोन म्हणून झालं आणि त्या थांबल्या.

“तोरू कोणाला विकलात?”

काका बोलले ते पडद्यावरच्या घोड्यांच्या पायांकडे बघत. भाऊ गेल्याला वर्ष झालं की द्यायच्या जेवणाला तोरूलाच कापायचं असं सगळ्या भावकीत ठरत आलं होतं. धन्याचा घोडा, दुसरा कुठला कापणार? काकांना ते बघवलं नसतं. पण तसं बोलून दाखवलं तर सख्ख्या भावाच्या जेवणाला घोडा द्यायला हात आखडला, असं लोक म्हणाले असते. म्हणून त्यांनी तो वरच्या कुरणातल्या एका मेंढपाळाला देऊन टाकला आणि जेवणासाठी स्वतःची घोडी आणून बांधली. घोडी काकांची होती हे त्या दिवशी जेवलेल्या दोनशे माणसांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.

“आणि हे सांगायला आठ वर्षं लागली तुम्हाला?”

“तुम्ही विचारलं नाहीत, वहिनी.”

सासूबाईंनी डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा घट्ट बांधला. मग म्हणाल्या, “बोट ठेवा बटणावर, भावजी. पहिल्यापासून मोजते.”

त्यानंतरचे दोन हिवाळे माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे. दुपारी जेवणं झाली की काका यायचे, घोडे धडकायचे, चिकटायचे, आणि मग तास तास नुसती बाचाबाची. तुम्ही उशिरा दाबलंत, मी नाही, तुमचं बोट थंडीने वाकडं झालंय, तुमचं जन्मतःच वाकडं आहे, असं करत करत विषय भावाच्या लग्नावर, सत्तरच्या दशकातल्या हिमवादळावर, कोणी कोणाच्या मेंढ्या हाकल्या त्यावर जायचे. गोल क्वचितच व्हायचा. तिसरा गोल कधी झाल्याचं मला आठवत नाही. सासूबाईंचं लक्ष तिकडे असल्यामुळे मी भांड्यात किती लोणी घेतो, बूट कुठे काढतो, हे कोणी बघत नव्हतं. बेगिमाय गाणं म्हणत पीठ मळायची.

आणि मग गेल्या उन्हाळ्यात मला अवदसा आठवली. मी काकांची वही मागून घेतली, पानापानाचा फोटो काढला आणि तुला पाठवला. तू एक एक दोष हुडकून काढलास. डिसेंबरात नवा खेळ आला, तो मी जुन्यावरच चढवला. (जुना राहणार नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तुझी ती मूळ तबकडी सासूबाईंनी कधीच बटाट्याच्या वाफ्यात कावळे हाकायला टांगली आहे, तिच्यावर आता काहीही शिल्लक नाही. कावळे मात्र येत नाहीत.) सगळ्यांना बोलावलं, कणकेचे बोरसोक तळले. सासूबाई आणि काका खेळायला बसले. घोडे धडकले आणि सभ्य माणसांसारखे बाजूला झाले. सासूबाईंनी धड उचललं आणि गोलात टाकलं, पुन्हा टाकलं, पुन्हा टाकलं. चार मिनिटांत खेळ संपला. पडद्यावर फटाके उडाले. काका म्हणाले, छान झालाय. सासूबाई म्हणाल्या, हो, छान आहे. काकांनी चहा संपवला आणि टोपी घातली. दुसऱ्या दिवशी सहा मिनिटं. आठवड्याने ते यायचे बंद झाले.

तू म्हणशील, यावं की नुसतं बसायला, सख्खे दीर-वहिनी आहेत. अरे, तू यांना ओळखत नाहीस का? सत्तरी ओलांडलेली माणसं आहेत. काही कारण नसताना काका वहिनीकडे कसे येतील, आणि त्या त्यांना कशा बोलावतील? सासूबाई दिवसातून चार वेळा खिडकीपाशी जातात, बर्फ किती पडलंय ते बघायला (बर्फ आमच्याकडे सगळीकडे सारखंच पडतं). उरलेला वेळ त्या माझ्याकडे बघतात. माझी चालण्याची पद्धत चुकीची आहे असं कळलं. मी सुई उकळतो ती पुरेशी उकळत नाही. परवा एका कुत्र्याला मी टाके घालत होतो तर त्या मागे उभ्या राहून उसासे टाकत होत्या, आणि ते कुत्रं माझ्याकडे संशयाने बघायला लागलं.

मी खेळ पुन्हा बिघडवायचाही प्रयत्न केला. दोन रविवार बसलो. एवढंच साधलं की आता डाव्या घोड्याला डोकं नाही आणि आवाज बंद आहे. सासूबाईंनी बिनडोक्याच्या घोड्यावर बसून एकट्यानेच चार गोल केले आणि उठून गेल्या.

मग परवा मी फोनमधले ते वहीचे फोटो काढून वाचत बसलो. घोडे चिकटतात हा दोष कितवा, तो कोणत्या दिवशी लिहिला, हे शोधत होतो. दादा, तो काकांनी लिहिलेलाच नाही. दोनशे अकरा दोष त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात आहेत, शेवटच्या प्रेक्षकाच्या मिशीपर्यंत. दोनशे बारावा माझ्या अक्षरात आहे. यादीत राहून गेला असं समजून मीच हौसेने लिहिला, आणि खाली दोन रेघा मारल्या. हे मी अजून घरात कोणालाही सांगितलेलं नाही.

असो. मावशीला तुझी आठवण येते. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना जवळ घेऊन माझ्या वतीने गालाचा वास घे. खेळ फार उत्तम आहे.

तुझा,
तुरार

ता.क. जुना खेळ तुझ्याकडे कुठल्या तरी जुन्या मशीनमध्ये असणारच. तो होता तसा पाठव. नसेल तर नव्यात ते घोडे पुन्हा चिकटव. नोकरीत यासाठी रजा टाकावी लागली तर आई आजारी आहे म्हणून सांग, मावशीशी मी बोललो आहे, ती अंथरुणावर पडायला तयार आहे.

ता.क. दुसरा. रस्ता बंद असल्यामुळे पत्र चार दिवस इथेच पडून आहे. मधल्या काळात काका आले. कोरी वही घेऊन आले. नव्या खेळाचे दोष लिहून काढलेत म्हणाले, ओरमोनला पाठव. पहिल्या पानावर तारीख, तापमान उणे एकतीस, आणि एकच ओळ: “यात काहीच होत नाही.” सासूबाईंनी वही ओढून घेतली, वाचली, आणि हे अर्धवट लिहिलंय, तुम्ही नेहमीच अर्धवट लिहिता, म्हणाल्या. काका म्हणाले, मग तुम्ही सांगा, मी लिहितो. दुपारपासून बसलेत. अकरा पानं झाली आहेत. संगणक चालू करायची कोणाला आठवणही नाही, आणि नवा खेळ किती वाईट आहे यावर दोघांचं इतकं एकमत मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा वरच्या ता.क.ची काही घाई नाही, मावशीला अंथरुणावर टाकू नकोस.

ता.क. तिसरा. तरीही पाठव. त्यांच्यासाठी नाही. अकरा वर्षं तुला शिव्या घालत आलो, म्हणून हे लिहायला जड जातंय. दिवसभरात माझ्यासमोर जे जनावर येतं त्याचं काहीतरी बिघडलेलं असतं, आणि ते पडलं की मालकाचं अख्खं घर माझ्याकडे बघतं. या हिवाळ्यात सात पडली, ती उठली नाहीत. तुझ्या त्या खेळात घोडा जमिनीत गेला तर माझ्याकडे कोणी बघत नव्हतं, आणि मी काहीही न करता तो वर यायचा. सकाळी दवाखाना उघडण्याआधी मी एकटाच तेवढं बघायचो, कोणाला सांगितलं नव्हतं. पाकिटावर ‘मेंढ्यांच्या जंतांचं औषध’ असं ठळक लिही, म्हणजे घरात कोणी उघडणार नाही.