लेकीचा गुडघा

लेकीच्या आईस,

माझा नमस्कार. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझी कंबर कशी आहे?

परवा सकाळी देवाचं नाव घेऊन लेकीच्या गुडघ्याला पट्टा बांधला. ऑपरेशननंतर ती प्रथमच तिच्या क्लबच्या बास्केटबॉल संघाबरोबर सरावाला उतरली आणि थोड्याच वेळात धाडकन पडली. मी थेट मैदानात धावलो.

"काका, मागे व्हा! इथे खेळाडूने हात वर केला तरच मदतीला जायचं," प्रशिक्षक बाई ओरडल्या.

"बाबा, चपला घालून आत कुठे आलात?" म्हणत लेक हसतच उठली. हात काही तिने वर केला नाही.

'खेळ पुरे, तिला घरी घेऊन या,' असं तू बजावलं होतंस. रागावू नकोस. आज मी परतीचं तिकीट माझ्या एकट्याचंच काढलं.

तुम्हां दोघींचा,
मीच