निर्माल्याच्या खड्ड्यावर फरशी न घालण्याबाबत व अर्जदारास शाल न देण्याबाबत

प्रति,
मा. कार्यकारी अधिकारी,
श्री विमलेश्वर देवस्थान न्यास,
शिंदे की छावनी, लश्कर, ग्वाल्हेर.

विषय : देवळामागील निर्माल्याच्या खड्ड्याचा बेलाखालचा कोपरा मोकळा ठेवणे, तसेच अर्जदाराचा नियोजित सत्कार रद्द करणे.

संदर्भ : १) माझा पौषातील अर्ज. २) त्यावरील आपले आभारपत्र.

महोदय,

१. मी निवृत्त ग्रंथपाल असून न्यासाचा साधा सभासद आहे. सभेत मी कधी बोललेलो नाही. हात वर करावा असे ठरेपर्यंत विषय संपलेला असतो. सबब हा अर्ज लांबल्यास अथवा कोठे चुकल्यास तो सवयीचा अभाव समजावा.

२. आपणांस विदित आहेच की, येथील मराठी घरांतील निर्माल्य नदीत न सोडता देवळामागील खड्ड्यात टाकण्याची जुनी रीत आहे. आपली माणसे दक्षिणेतून फौजेबरोबर आणि दप्तराबरोबर आली तेव्हापासून तेथे बेल, दूर्वा, तुळस, झेंडू पडत आले. पायदळी येऊ नये म्हणून त्या जागेवर कोणी पाऊल ठेवले नाही, कोणी ती खणली नाही. त्यामुळे तेथील माती काळी, भुसभुशीत आणि अस्पर्श राहिली.

३. माझ्या धाकट्या भावाची नात अंतरा पुण्यातील एका प्रयोगशाळेत मातीतील सूक्ष्मजीवांवर काम करते. मागील वर्षीच्या दिवाळीत तिने खड्ड्यातील मूठभर माती नेली. लोक येथून तिळाची गजक नेतात, ती माती नेते. ती माती भिजवल्यावर तिच्यात निजलेला एक जीव जागा झाला. एकाच पेशीचा, अंगावर दोन ओळींत केस, त्यांनी वल्ही मारल्यासारखा चालणारा. तो कोणालाही रोग देत नाही. त्या एका पेशीतील जनुके वाचून ती इतर सजीवांच्या जनुकांशी ताडून पाहिली असता तो कोठेच बसेना.

४. हे मी माझ्या समजुतीप्रमाणे लिहितो. मला किती कळले याची खात्री नाही. आपल्या घराण्यांचे जसे कुलवृत्तांत असतात तसाच सर्व सजीवांचा एक आहे. त्यात माणूस आणि अळंबी एका मोठ्या घराण्यातील, बेलाचे झाड दुसऱ्यातील. हा जीव दोन्हींत नाही. त्याचा एक दूरचा भाऊबंद काही वर्षांपूर्वी कॅनडातील एका रानवाटेच्या मातीत सापडला, तेव्हा सजीवांच्या वंशवृक्षाला एक स्वतंत्र फांदी काढावी लागली होती. आपल्या खड्ड्यातील जीव त्या फांदीच्याही बुडाशी फुटलेला दिसतो. म्हणजे फांदी खोडाला जेथे जोडली होती, ती जागाच हलवावी लागेल. आद्य घराणे कोणते यावरून आपल्या न्यासाच्या कित्येक सभा मोडल्या. ज्याच्यापुढे आपण सारेच कालचे ठरतो असे घराणे देवामागे निजले होते, हे निदर्शनास आणतो.

५. मात्र प्रयोगशाळेतील जीव मेले. ते कशावर वाढतात हे अद्याप कळलेले नाही. एका पेशीवरून कोणी वृक्ष बदलणार नाही, बदलूही नये, असे अंतरा स्वतःच म्हणते. तिला पुन्हा ताजी माती हवी. येथील पाटणकर बाजारापासून पडाव भागापर्यंत इतर देवळांच्या आवारांतील माती तिने तपासली. त्यांत तो नाही. म्हणून मी पौषात अर्ज केला की, ‘सदर मातीत अतिदुर्मिळ सूक्ष्मजीव आढळले असल्याने योग्य ती कार्यवाही व्हावी.’

६. योग्य ती कार्यवाही झाली. एके दिवशी चौथ्या प्रहरी मी देवळात गेलो तो खड्ड्यावर पांढरी भुकटी पसरलेली, तिच्यावर फिनेल ओतलेले, आणि फवारणीचे मुकादम दौलतसिंह हात पुसत उभे. मला पाहून आनंदाने म्हणाले, “काकासाहेब, बेफिकर राहा, आता एक पण किडा जिंदा नाही राहणार!” मी बाजूला जाऊन ओकलो. त्यावर त्यांनी, मातीत किती घाण होती पाहा, असे जमलेल्यांना दाखवून दिले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. त्या गृहस्थांनी मला पाणी दिले.

७. किळस मला येते ती वेगळ्याच गोष्टींची. खड्ड्याशेजारी ‘घाण करू नये’ ही पाटी लावली आहे आणि तिच्यावर गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या आहेत. त्यांविषयी कोणास आक्षेप नाही. हल्ली निर्माल्य प्लास्टिकच्या पिशवीत कोंबतात, ते आत कुजून काळे पाणी सुटते, आणि ती पिशवी उष्ट्या द्रोणांबरोबर गाडीत जाते. त्याला व्यवस्था म्हणतात. खड्ड्यावर आता गुळगुळीत फरशी, भोवती प्लास्टिकची हिरवळ आणि फोटो काढण्यासाठी कमान होणार आहे. फुलांची माती झाली तर ती ओंगळ, आणि कधीच माती न होणारे फूल पवित्र, हे माझ्याने गिळवत नाही.

८. त्यातच आपले आभारपत्र आले. मातीतील जंतूंची वेळीच सूचना दिल्याबद्दल महाशिवरात्रीस फरशीच्या उद्घाटनप्रसंगी माझा शाल-श्रीफळ देऊन ‘स्वच्छतारक्षक’ म्हणून सत्कार होणार आहे, आणि माझे नाव फरशीवर कोरले जाणार आहे. महोदय, ज्याला वाचवण्यासाठी मी अर्ज केला त्याच्या थडग्यावर माझे नाव! तो पत्ररूप सन्मान घरी आल्यापासून मला जेवण जात नाही. शेजारच्या लीलाताई म्हणाल्या, “बळवंतराव, जन्मात तोंड उघडलं नाहीत, आणि उघडलंत ते किड्यांसाठी! वर शाल पण मिळते आहे, तर घ्या की.” कदाचित त्यांचे बरोबर असेल. कदाचित मी ‘सूक्ष्मजीव’ ऐवजी दुसरे काही लिहावयास हवे होते. रात्रंदिवस तेच वाक्य मनात खोडतो, पुन्हा लिहितो.

९. तथापि बेलाच्या बुंध्याशी सुपाएवढा कोपरा उरला आहे. तेथवर पोचण्याआधी फिनेलचा डबा संपला. अंतरा सोमवारी सकाळच्या गाडीने येत आहे. फरशीचे कारागीर त्याच सकाळी यावयाचे आहेत. सबब विनंती की :

अ) तो कोपरा कायम मोकळा ठेवावा आणि तेथे पूर्वीप्रमाणे बेल-फुले टाकू द्यावी.

आ) सत्कार रद्द करावा. नाव कोरले असल्यास तो दगड उलटा बसवावा.

इ) या अर्जावर कोणतीही फवारणी करू नये.

१०. आपला निर्णय सोमवारपूर्वी न झाल्यास मी सूर्योदयापूर्वी खुर्ची घेऊन बेलाखाली जाईन. घोषणा देणार नाही, कोणाशी वाद घालणार नाही. ते मला जमत नाही. मला सभेत बोलता येत नाही. बसता मात्र येते.

त्या कोपऱ्याच्या वतीने, आपला नम्र,

बळवंत रामचंद्र पोतनीस
ग्वाल्हेर, दि. ६ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१) आपले आभारपत्र, मूळ प्रत, साभार परत.
२) अंतराने काढून दिलेला सजीवांचा वृक्ष. नव्या फांदीपुढे प्रश्नचिन्ह आहे. ते तसेच राहू द्यावे.
३) बेलाखालील मातीची पुडी. हात धुण्यापूर्वी एकदा वास घ्यावा, आणि मग माती जेथली तेथे नेऊन ठेवावी.