बिनमास्तराचा बँड

पंचवटी, नाशिक
मे १९८२

ती. वत्सलाआक्कास,

धाकट्या नाथाचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? दाजींनी आणलेलं तेल लावतेस, की बाटलीकडे नुसती बघत बसतेस? (उत्तर मला माहीत आहे.) कळवणला ऊन फार असेल, जपून राहा. इकडे सगळे ठीक, फक्त आपला बँड बिनमास्तराचा झाला आहे.

त्याचं असं झालं. डॉक्टरांनी माझी छाती तपासली आणि ट्रंपेट कायमचं बंद केलं. मी मंडळींना जमवून सांगितलं, बँड आता सगळ्यांचा, दर लग्नाला वेगळा माणूस पुढे उभा राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण आपले आप्पा मास्तर होते तेव्हापासून त्यांची एकच समजूत: तुऱ्याची टोपी घालून पुढे चालतो आणि ओरडतो, तो मास्तर. पहिली पाळी ढोलवाल्या पुंजारामची. एरवी गायीसारखा माणूस, पण टोपी चढवल्याबरोबर सगळ्यांवर असा खेकसायला लागला, की मी सुमनला म्हटलं, याला झालंय काय? ती म्हणाली, "काही नाही, त्याचे तुम्ही झालेत." (तुझी भावजय, दुसरं काय बोलणार.)

मग गेल्या सोमवारी इथेच नाशकात, द्वारका भागात लग्न होतं. पाळी क्लॅरिनेटवाल्या कोंडाजीची. मी आपला बघायला म्हणून पानाच्या टपरीशी उभा. नवरदेव मारुतीच्या पाया पडून घोड्यावरून मांडवाकडे निघालेला, आणि आमची मंडळी कोंडाजीकडे न बघता माझ्याकडे बघतायत. तेवढ्यात मला खोकला आला. तोंडाशी रुमाल धरायला हात वर केला. आता आमच्यात मास्तरने रुमाल उचलला म्हणजे पाठवणीची धून. त्यांनी लगेच लेक सासरी निघतानाचं वाजवायला घेतलं. अजून अक्षतासुद्धा पडल्या नव्हत्या, आक्का. आरतीचं ताट घेऊन दारात उभी असलेली नवरीची आई हुंदके देऊन रडू लागली, घोडा बुजला, आणि बँड मध्येच थांबला.

मी धावणारच होतो, पण खोकल्याने पार वाकवलं. मान वर केली तेव्हा बँड पुन्हा वाजत होता. पुंजारामने हळू ठेका धरला होता, कोंडाजीने त्यावर सूर ठेवला होता, आणि बाकीचे कान देऊन त्यात मिसळत होते. नवरीच्या आईने डोळे पुसले आणि हसून ओवाळलं. माझ्याकडे मात्र एकानेही बघितलं नाही. नंतर कोंडाजीला विचारलं, "पुढे कोण होतं रे?"

"कोणीच नाय मास्तर," तो म्हणाला. "तुम्ही खोकत होता, म्हणून आम्ही एकमेकाचं ऐकलं. लय गोड वाजलं."

खरंच गोड वाजलं होतं. घरी येताना बरं वाटत होतं, आणि आत कुठेतरी लागलंही होतं. हे तुलाच सांगतो.

दाजींना नमस्कार.
तुझा
नाथा

ता.क. खरं काम राहिलंच. येत्या रविवारी पंचवटीत मोठं लग्न आहे. शनिवारच्या आत 'नाथाला ताबडतोब धाडा' अशी तार कर. मी इथे असलो तर बघायला जाणार, आणि गेलो तर माझे हात गप्प राहणार नाहीत.

ता.ता.क. सुमन म्हणते, तार कशाला, सरळ कळवणला जा. पण आपणहून गेलो तर मंडळींना वाटेल, मास्तर रुसला. मी रुसलेलो नाही. फक्त रविवारी संध्याकाळी माझ्याजवळ बसून राहा.