ताईचं दुकान असलेली इमारत

हेजूचे बाबा,

ऑफिसातल्या तिघांबरोबर तुम्ही जी इमारत घेताय, तिच्या तळमजल्यावर माझ्या ताईचं सूपचं दुकान आहे. दर शनिवारी तुम्ही तिथेच जेवता, तरी महिनाभर गप्प राहिलात. आज ऐन गिऱ्हाइकीत त्या तिघांपैकी तुमचे पाकसाहेब टेप लावून भिंती मोजायला आले. ताईला म्हणाले, "मार्चपर्यंत जागा सोडा. तुमच्या मेहुण्यांनी सांगितलं नाही का?" ताईला खाली मान घालावी लागली, आणि मलाही.

भात कुकरमध्ये आहे, किमची फ्रिजमध्ये. हेजूला घेऊन मी ताईकडे जाते. सहीच्या जागी लागणारा तुमच्या नावाचा शिक्का माझ्याजवळ आहे. उद्याच्या करारावर तो उमटवायचा असेल, तर दुकानात या आणि ताईच्या देखत माझ्याकडे मागा.

सोन्ह्वा