सज्ज्याखालची तुळई

२ जुलै १९३८

दारावर नोटीस चिकटवून गेले! हातात देता येत नव्हती? चांगली खळ फासून, अगदी शुभ-लाभ लिहिलंय त्याच्या खाली. साऱ्या पेठेने वाचली असेल, मग मी वाचली.

म्युनिसिपालटीचा ठराव आहे. ज्याच्या घरात भाडेकरू राहतो आणि ज्याच्या घराला सज्जा आहे, त्या मालकाने सज्जा तपासून घ्यायचा. कच्चा निघाला तर दुरुस्त करायचा. नाही केला तर म्युनिसिपालटी उतरवणार. मागच्या महिन्यात एका अडत्याचा सज्जा वरात बघताना माणसांसकट खाली आला, तेव्हापासून हे सुरू झालं. ठीक आहे. पण तो लिंबाच्या लाकडाचा होता. माझा सागाचा आहे. काठी संस्थानाकडच्या डोंगरातला साग, सासऱ्यांनी गाड्या जुंपून आणलेला!

आणि गावात एवढे सज्जे असताना पहिली नोटीस माझ्याच दारावर का? शिपायाला विचारलं. म्हणाला, "बाई, तुम्हना घरनाबद्दल अर्ज येल शे." कोणाचा? "ते माले काय माहीत!"

मला माहीत आहे. हुकमीचंद. माझा धाकटा दीर. हे गेल्यापासून त्याला एकच ध्यास — धनकंवरकडून घर सांभाळलं जात नाही, हे पंचांच्या गळी उतरवायचं आणि कारभार आपल्या हाती घ्यायचा.

बघतेच! ही वही मुद्दाम मराठीत लिहिते. त्याला व्यापाऱ्यांच्या महाजनी लिपीशिवाय दुसरं काही वाचता येत नाही.

४ जुलै

आला. ओट्यावर बसला. चेहरा असा, जणू माझ्या घरी कोणी आजारी आहे.

"भाभी, सज्जा उतारी टाका. कटकट मिटी जाई."

"आणि वरची बाई?"

"ती जाई आपला गावले."

बाहेर आलं की नाही पोटातलं! वरच्या खोलीत रमिलाबाई राहते. नवापूरकडची, ख्रिस्ती, दवाखान्यात सुईण आहे. गावात तिला कोणी खोली देईना. का, तर ती अंडं खाते. मी दिली. वर जायला बाहेरून जिना, मग सज्जा, आणि सज्ज्यावरून खोलीचं दार. दुसरी वाट नाही. सज्जा गेला की खोली गेली आणि खोली गेली की रमिला गेली. एका दगडात दोन पक्षी, आणि हुकमीचंदला दगड उचलायचेसुद्धा कष्ट नकोत.

सांगितलं — सज्जा राहील, बाईही राहील. तुम्ही चहा घ्या आणि जा.

तो गेल्यावर रमिला खाली आली. "बाई, मधल्या फळीवर पाय ठेवला की दबते." हिचं वर्षभर हेच पालुपद! म्हटलं, "दबू दे. आणि आता तर तोंडातून काढूसुद्धा नकोस, त्याच्या कानावर जाईल." तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तशीच जिना चढून गेली.

५ जुलै

नोटिशीवर सही घ्यायला शिपाई आला. केली नाही.

६ जुलै

परत आला. परत नाही.

९ जुलै

आज ओव्हरसियर आला. डोक्यावर हॅट, पायात बूट. खालून सज्ज्याकडे पाहिलं, मान हलवली आणि शिपायाला म्हणाला, "पहार आण." कशाला? तर म्हणे तुळईत टोचून पाहायची, आत भरीव आहे की पोकळ.

सज्ज्याचा सगळा भार त्या एका तुळईवर आहे. मी आडवी झाले. म्हटलं, टोचू देणार नाही. तो म्हणाला, "बाई, लाकडाला लागत नाही." मी म्हटलं, "लाकडाला लागत नसेल, पण आत जीव आहेत, त्यांना लागतं!"

तो हसला. वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "म्हणजे आत वाळवी आहे. मालकिणीनेच सांगितलं."

जीभ हासडून टाकावीशी वाटली! पण खोटं कसं बोलू? वाळवी आहेच. हे होते तेव्हा त्यांना तुळईवर मातीची रेघ दिसली होती. सुतार म्हणाला, रॉकेल ओतू, वरून डांबर मारू. हे म्हणाले, "माझ्या घरात एकही जीव मरणार नाही." तेव्हापासून दर वर्षी हिरवा रंग तेवढा द्यायचा. रेघ झाकली जायची. माझी तर खात्रीच होती की सागाला ती काय करणार, वरवरचं खाईल आणि जाईल.

ओव्हरसियर सांगून गेला — पंधरा दिवसांत तुळई बदला, नाहीतर सज्जा उतरवू. तोवर वर कोणी पाय ठेवायचा नाही. रमिलानेसुद्धा नाही.

जाताना नमस्कार केला. मी केला नाही.

१० जुलै

रमिलाला माझ्या घरात आणली. देवघराला लागून जी खोली आहे, तिथे. चौमासा तोंडावर आलाय आणि जैनाच्या घरात ख्रिस्ती बाई! शेजारची सूरजबाई दारातून दोनदा डोकावून गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मीच म्हटलं, आत या, नीट बघून घ्या.

रमिला अवघडून बसली होती. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास." म्हटलं, तुझ्यामुळे नाही, हुकमीचंदमुळे. ती जमिनीकडे बघत राहिली. भारी साधी आहे बिचारी.

१३ जुलै

चौमासा बसला. स्थानकात साधूंचं व्याख्यान झालं. मग माझा विषय निघाला — निघाला कसला, काढला.

पंचांतले मोठे, महाजन, म्हणाले, चौमाशात बांधकाम करायचं नाही. लाकूड तोडायचं नाही. वाळवी मारायचा तर प्रश्नच नाही. जे काही ते कार्तिकी पुनवेनंतर. मी बायकांच्या बाजूने उठून विचारलं, "आणि म्युनिसिपालटी थांबेल तोवर?" "तर मग सज्जा उतरवू द्या." सगळे कसे एका सुरात! सरकार म्हणतं आत्ता कर, धर्म म्हणतो आत्ता करू नको, आणि दोघांच्या मधे उभी मी. दोघांचं बोट मात्र एकाच गोष्टीकडे — सज्जा.

माझा तोल गेला. म्हटलं, "अर्ज देणारा इथेच बसलाय. भावाच्या घराची चुगली सरकारात करणारा! त्याला विचारा ना, त्याचा धर्म कुठे गेला!"

सगळ्यांच्या माना हुकमीचंदकडे. तो उभा राहिला. तोंड पांढरं पडलं होतं. "महावीरस्वामीनी सौगन, भाभी, मी अर्ज देल नही."

स्वामींची शपथ घेऊन खोटं! स्थानकात! मी तिथेच म्हटलं — खोटारडा. एकदा नाही, दोनदा.

बरं वाटतंय. फार बरं वाटतंय!

१४ जुलै

आता सज्जा उतरू देणार नाही म्हणजे नाहीच. पर्युषणात तपस्वींचा वरघोडा निघतो, तो पेठेतल्या सगळ्या बायका माझ्याच सज्ज्यावरून बघतात. आम्हा विधवांना खाली मिरवणुकीत कोण घेतंय? मी चौदा वर्षांची या घरात आले, तेव्हा पदराआडून पहिल्यांदा गाव बघितलं ते त्या सज्ज्यावरून. हे गेल्यावर कोपऱ्यात बसवलं होतं मला. बाहेर आले तेव्हा आधी तिथेच जाऊन उभी राहिले. माझं म्हणून जे काही आहे ते तेवढंच. ते मी कोणाच्या नोटिशीने देणार नाही, आणि कोणाच्या व्याख्यानानेही नाही.

१६ जुलै

गिरधर सुताराला बोलावलं. तो म्हणाला, तुळई बदलता येईल, पण लाकूड? "वल्लं लाकूड बसाडं ते पावसाया सरताच वाकी जाई, बाई." तळोद्याच्या वखारीत सगळं ताजं तोडलेलं. आणि तोडलेलं मी घेणार नाही. तेवढं महाजनांचं मलाही पटतं.

मग सुकलेला, जुना, जाडजूड साग आणायचा कुठून?

दुपारभर माजघरात बसून हाच विचार. पाय नुसता जमिनीला लावत होते, झोपाळा हलत होता. वर बघितलं.

१७ जुलै

झोपाळ्याची तुळई! त्याच मापाची, सासऱ्यांनी त्याच गाडीतून आणलेली. घराच्या मधोमध, कोरडी, खणखणीत. संध्याकाळी हे झोपाळ्यावर बसायचे, मी उंबऱ्याशी. ते गेल्यावर मी बसायला लागले. पहिल्यांदा बसले तेव्हा सासूबाईंच्या फोटोकडे पाठ केली होती.

जाऊ दे झोपाळा. जमिनीवर बसेन.

गिरधरला सांगितलं, नवीन तोडायचं नाही, जुनं जाळायचं नाही, रॉकेल नाही, डांबर नाही, आणि एकही मुंगी मारायची नाही. तो म्हणाला, "मंग जुनी तुळईनं काय करशात?" मी म्हटलं, पांजरापोळात पाठवेन.

तो खो खो हसला. "लंगड्या गायी ऱ्हातस तठे!"

राहू देत. तिथे म्हातारी गुरं राहतात, पंख मोडलेली कबुतरं राहतात, माझी वाळवी का नाही राहायची? तिथल्या चिंचेखाली तुळई ठेवायची. खा म्हणावं सुखाने!

२० जुलै

आज काम झालं. लिहावं की नाही कळत नाही. लिहितेच.

खाली टेकू लावले, दोरखंड बांधले आणि तुळई हलवली. बाहेरून अगदी धडधाकट. हिरवा रंग चकचकीत. गिरधरने टोकाला धरलं आणि त्याची बोटंच आत गेली. मी पुढे होऊन हात घातला. कोपरापर्यंत गेला. आत लाकूड नव्हतंच. नुसती माती, ओलसर, आणि त्यात वळवळणारे पांढरे जीव. इतकी वर्षं आमचा रंग तेवढा उभा होता.

रमिला अंगणात उभी होती. तिने डोळे मिटले आणि छातीवर क्रूस केला.

तरीही हुकमीचंद बरोबर नव्हता! त्याला तुळई दिसत नव्हती, खोली दिसत होती. हे मी मरेपर्यंत म्हणेन.

बैलगाडीत गवत पसरून तुळई घातली, वर ओलं पोतं पांघरलं. बाळंतिणीला न्यावं तशी पेठेतून नेली. मी मागून चालत गेले. पोरं हसत होती. महाजन दुकानातून बघत होते. मी पदर सावरून त्यांच्याकडे बघितलं आणि बघतच राहिले, शेवटी त्यांनीच मान फिरवली.

२३ जुलै

नवी तुळई बसली. जीव मेला नाही, झाड तुटलं नाही, मुदतही टळली नाही. आता कोण काय बोलतो!

२५ जुलै

ओव्हरसियर आला. म्हटलं, खालून नका बघू. वर चला. आधी तुम्ही उभे राहा, मग सही करा. त्याला मधल्या फळीवर उभं केलं. म्हटलं, आता उडी मारा. शिपाई तोंडावर हात धरून हसत होता. साहेबाने हॅट काढली आणि मारली हो उडी! लहान, पण मारली.

सज्जा हलला नाही. कागद मिळाला. मी नमस्कार केला.

रमिला तिच्या खोलीत परत गेली.

८ ऑगस्ट

सूरजबाई सांगत होती, हुकमीचंदच्या दुकानाच्या ओट्यावर आता कोणी बसत नाही. स्वामींची खोटी शपथ घेणाऱ्याकडे कोण बसेल? मुलीची सोयरीक खापर गावात ठरत आली होती, तिकडूनही काही निरोप नाही म्हणे.

मी काय करू? अर्ज देताना विचार करायचा होता.

२६ ऑगस्ट

वरघोडा निघाला. सज्ज्यावर पाय ठेवायला जागा नव्हती! पलीकडच्या घरची जसोदाबाई, सूरजबाई, त्यांच्या सुना, सगळ्या. महाजनांच्या घरच्यासुद्धा. खालून महाजनांनी वर बघितलं. मी मूठभर तांदूळ उधळले, थोडे त्यांच्या पगडीवर पडले. मुद्दाम नाही. बरं, मुद्दामच.

परवा-तेरवा संवत्सरी. मग सगळ्यांनी सगळ्यांना खमवायचं, वर्षभराचं जे काही असेल त्याची माफी मागायची. मी साऱ्या गावाला हात जोडेन. ओव्हरसियरलासुद्धा जोडेन. हुकमीचंदला नाही. इथे लिहून ठेवते म्हणजे मन पातळ व्हायला नको.

३० ऑगस्ट

सकाळपासून लोक येत-जात होते. सगळ्यांना खमवलं. हुकमीचंद आला नाही, मीही गेले नाही.

आत्ता रमिला खाली आली. दारातच उभी. "बाई, आज तुमच्यात माफी मागतात ना? मलापण मागायची आहे. तो अर्ज हुकमीचंदशेठनी नाही दिला. मी दिला."

मी म्हटलं, मला नाही का सांगायचंस!

"सांगितलं होतं, बाई. वर्षभर. तुम्ही म्हणायच्या, दबू दे." मग हळूच म्हणाली, "माझ्याकडे वर येते ती प्रत्येक बाई दोन जिवांची असते."

"मग शेठनी शपथ घेतली, गावभर बोभाटा झाला, तेव्हा?"

"खोली गेली असती."

तुझी खोली कुठे जात नाही, म्हटलं. ओरडूनच म्हटलं. ती रडायला लागली. मी रडले नाही. लुगडं बदललं.

हुकमीचंदकडे निघाले आहे. भर पेठेतून, उजेडात. खोटारडा म्हटलं ते सगळ्यांदेखत, तर हेही सगळ्यांदेखतच व्हायला हवं. त्याच्या ओट्यावर चार माणसं असतील तर बरं होईल. पण तिथे आता कोणी बसत नाही.