घास घातलेली छत्री

जालना,
ज्येष्ठ वद्य पंचमी

चि. सौ. नंदास गोपिकाताईचे पोटभर आशीर्वाद.

तुझे गुडघे कसे आहेत? यजमानांचा खोकला गेला का? देऊळगावराजा इथून हाकेवर, पण मधे वऱ्हाडची हद्द आणि निजामाच्या करोडगिरीचा जकातनाका! मागे तू धाडलेल्या सांडग्यांच्या डब्यात शिपायाने कोपरापर्यंत हात घातला, तेव्हापासून हा नाका उठावा म्हणून मी देवाजवळ धोशा लावला होता. आता तो मागे घेतला आहे. का, ते सांगते, पण वळणावळणाने (माझी सवय तुला माहीत आहे).

माझे धाकटे दीर, राधाकिसनभावजी, मुंबईच्या एका छत्री कंपनीचे इथले एजंट झाले. ते सांगतात, तयार छत्री नाक्यावरून आणली तर महसूल जबर. कापड, काड्या, दांडे सुटे आणले तर कमी. म्हणून कंपनीने छत्र्या सुट्या धाडून त्या इथेच शिवून घ्यायचं ठरवलं. मला याचं केवढं नवल वाटलं! इथे कुणी रस्त्यावर एक बांबू आडवा टाकतो आणि तिकडे, जालना कुठे आहे हेही ठाऊक नसलेला एक साहेब, छत्रीचे तुकडे करतो. तो साहेब हे ठरवतो कसा, कुणाला विचारतो, असे मी इतके प्रश्न केले की भावजी आता मागल्या दाराने येतात.

शिवणकाम माझ्या ओसरीवर आलं. मुलं हैदराबादला गेल्यापासून ती ओसरी मी नुसती झाडत होते. आता गल्लीतल्या बायका दुपारभर तिथे असतात. त्यांच्या हाती स्वतःची मिळकत येते आणि माझ्या कानांना माणसांचा आवाज. मी त्यांना कॉन्व्हेंटातल्या सिस्टरांची टीप शिकवली (जी तुझ्याकडून त्या पुन्हापुन्हा उसवून घेत आणि तू उशीत तोंड खुपसून रडायचीस). पण वाकळी शिवण्यात हात बसलेल्या झुंबरबाईने छत्रीच्या सगळ्या टोकांना लाल चिंधीचे त्रिकोण लावून दिले. वाकळीच्या कोपऱ्यांना आपण लावतो तेच घास! मोकळ्या कोपऱ्यांची वाकळ उपाशी असते, ती कुणाला द्यायची नसते. मग छत्रीनेच काय घोडं मारलं, असं तिचं म्हणणं. मी पाहीपर्यंत पहिली खेप जेवून तृप्त झाली होती. साहेबी काळ्या छत्रीला लाल झालर पाहून भावजी डोक्याला हात लावून बसले.

तेवढ्यात करोडगिरीचे अमीनसाहेब दारात. आम्ही तयार छत्र्या चोरून आणतो आणि ओसरीवर शिवण्याचं सोंग करतो, अशी कुणीतरी चुगली केली होती. माल जप्त होणार, एजन्सी जाणार, ओसरी पुन्हा ओस. मी कॉन्व्हेंटातलं ठेवणीतलं इंग्रजी बाहेर काढलं. त्यांनी ते अदबीने ऐकून घेतलं आणि पुन्हा छत्र्यांकडे वळले. शेवटी झुंबरबाईच पुढे झाली.

"साहेब, जरा कोपरे बघा की. मुंबईची छत्री उपाशी असती. ही इथंच जेवल्ती, आमच्या म्होरं. खोटं वाटून राह्यलं तर उसवून बघा, पर मंग पुन्हा शिवायचं तुमीच!"

अमीनसाहेबांनी एक घास बोटांनी चाचपला. "हमारी अम्मी भी गोधडी को ऐसाच लगाती थी," ते हळूच म्हणाले. मग घसा खाकरून, माल बिलकुल मुल्की, म्हणजे इथलाच, असल्याचं त्यांनी जाहीर केलं आणि स्वतःसाठी एक छत्री विकत घेऊन गेले. हे कळताच कंपनीने 'खास जालना बनावट' अशी छत्र्यांवर डकवायची चिठ्ठी छापून पाठवली. भावजी ज्या चुकीपायी रडत होते, ती आता मुंबईच्या साहेबाची अक्कल ठरली आहे.

पण आता म्हणे निजामाचं राज्य आणि इंग्रजी मुलूख यांचं फेडरेशन की काय होणार आणि नाके उठणार. मग तयार छत्री मुंबईहून सरळ येईल. कंपनी माझ्या ओसरीवर कशाला शिवून घेईल? म्हणून मी धोशा मागे घेतला. पण खरं सांगू? तुझी आठवण आली की तो बांबू उठावा वाटतो आणि दुपारी बायका हसू लागल्या की राहावा वाटतो. देवही कंटाळला असेल.

तुझीच,
ताई

ता. क. – देवाच्या भरवशावर किती राहायचं? गिऱ्हाईकच घासाची छत्री मागू लागलं, तर नाका असो नसो, कंपनीला झुंबरबाई लागेलच. म्हणून तू पेठेतल्या दुकानात जा, घासाची छत्री माग, नाही म्हटलं की तोंड वाकडं करून ऊठ. मग जाऊबाईंना पाठव. नंतर सासूबाईंना (त्यांना तोंड वाकडं करायला शिकवावं लागणार नाही).

दुसरा ता. क. – दुकानदाराला दाखवायला एक छत्री सोबत धाडते आहे. तिच्यावरचा एक घास मी शिवलाय, मुद्दाम तुझ्यासारख्या वाकड्या टिपेने. मात्र ती मिटलेलीच ने. पावसात चुकूनही उघडू नकोस, लाल रंग जातो. अमीनसाहेबांची पांढरी शेरवानी गुलाबी झाली आहे. त्यांच्यापुढे झुंबरबाईला पाठवावं की मी जावं, हे अजून ठरत नाही.